टॅबलेट ४८० ग्रॅमचा, पण दप्तरात किती भरतो?

पत्र: मुलगी यंदा आठवीत गेली. शाळेने सगळ्या मुलांना रोज स्वतःचा टॅबलेट किंवा लॅपटॉप आणायला सांगितलं आहे. कोणता घ्यायचा ते पालकांवर सोडलं आहे. घरी १५.६ इंची जुना लॅपटॉप आहे, २.१ किलोचा. चार्जर वेगळा, ४०० ग्रॅमचा. मुलीचं वजन ३८ किलो आहे, दप्तर आताच ५ किलो भरतं आणि खांदे दुखतात अशी तिची तक्रार असते. दुकानात ४८० ग्रॅमचा ११ इंची टॅबलेट दाखवला. भाऊ म्हणतो, लिखाण वाढणार, लॅपटॉपच घे. मुलीला चित्रं काढायला आवडतात, त्यामुळे ती टॅबलेटच्या बाजूची. जे घेऊ ते दहावीपर्यंत तरी टिकायला हवं. काय घ्यावं? — एक आई

उत्तर:

ताई,

आधी जुन्या लॅपटॉपचा विषय संपवू. ५ किलोच्या दप्तरात २.१ किलोचा लॅपटॉप आणि ४०० ग्रॅमचा चार्जर घातला की ७.५ किलो होतात. म्हणजे तिच्या वजनाच्या जवळजवळ २० टक्के. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांच्या आत असावं, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. वरची १५ टक्क्यांची मर्यादा धरली तरी तिच्यासाठी ती ५.७ किलो होते. तेव्हा हा लॅपटॉप रोज शाळेत नेण्याचा नाही.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. ५ किलो आधीच भरलेत, म्हणजे नव्या वस्तूला ७०० ग्रॅम उरतात. सगळ्यात हलकं उपकरण घेतलंत तरी दप्तरातून काहीतरी काढावंच लागेल. त्यामुळे शाळेला पहिला प्रश्न हा विचारा की कोणत्या विषयांची छापील पुस्तकं आता घरी ठेवली तर चालतील. उत्तर ‘सगळी आणायचीच’ असं आलं, तर पालकांनी मिळून शाळेशी बोलायला हवं. पुस्तकं तेवढीच ठेवून वर उपकरण वाहायला लावणं मुलांवर अन्याय आहे, आणि महागातला हलका लॅपटॉप घेऊन तो भरून निघत नाही.

आता ४८० ग्रॅमबद्दल. हा आकडा नुसत्या पाटीचा आहे. शाळेत नुसती पाटी जात नाही. कीबोर्ड असलेलं कव्हर ४५० ते ५५० ग्रॅमचं असतं, पेन १५-२० ग्रॅमचं, छोटा चार्जर आणि केबल मिळून ८०-१०० ग्रॅम. बेरीज १ किलो ते १ किलो १५० ग्रॅम. उलट १३ इंची हलका लॅपटॉप १.२ ते १.३ किलोत मिळतो आणि बॅटरी नीट निवडली तर त्याचा चार्जर घरीच राहतो. म्हणजे दुकानात जो फरक तिपटीचा वाटतो तो दप्तरात दोनशे ग्रॅमवर येतो. कीबोर्ड न नेता साध्या कव्हरमध्ये टॅबलेट नेला, तर मात्र सगळं ७०० ग्रॅममध्ये बसतं. थोडक्यात, टॅबलेट हलका ठरतो तो कीबोर्डशिवाय भागत असेल तरच. तुमचा निर्णय इथे अडतो: तिला शाळेत रोज किती टाइप करावं लागणार आहे?

जाहिरातीतलं वजन वाचताना ‘पासून पुढे’ असे शब्द आहेत का बघा. ते त्या मालिकेतल्या सगळ्यात हलक्या प्रकाराचं वजन असतं; टचस्क्रीन किंवा मोठी बॅटरी असलेला प्रकार १०० ते २०० ग्रॅमने जड निघू शकतो. त्यावर गादीचं पाकीट १५०-२०० ग्रॅमचं. खरेदी केल्यावर सगळा संच स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा ठेवा, म्हणजे पुस्तकं किती कमी करायची ते नेमकं कळेल.

शाळेला आणखी तीन प्रश्न विचारा, शक्यतो लेखी. परीक्षेसाठी किंवा प्रयोगांसाठी एखादं खास सॉफ्टवेअर टाकावं लागणार आहे का, आणि ते विंडोज, क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप), आयपॅड, अँड्रॉइड यांपैकी कशावर चालतं? कोडिंग ब्राउझरमध्ये शिकवणार की मशीनवर प्रोग्राम टाकून? गृहपाठ टाइप करून द्यायचा की वहीत लिहून त्याचा फोटो पाठवायचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर विंडोज आलं तर बाकीची चर्चाच संपते. परीक्षेच्या वेळी बाकी सगळे प्रोग्राम बंद करणारी जी सॉफ्टवेअर असतात, ती याबाबतीत सगळ्यात हट्टी. स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम (फोनमधल्या प्रोसेसरच्या जातीच्या) प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप हलके असतात आणि त्यांची बॅटरी उत्तम टिकते, पण अशी परीक्षेची सॉफ्टवेअर आणि जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर त्यांवर अडू शकतात. शाळेकडून ‘एआरएमवर चालतं’ असं स्पष्ट कळल्याशिवाय तो रस्ता धरू नका.

कोडिंगचं म्हणाल तर स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा, ब्राउझरमध्ये कुठेही चालते. पायथन ही लिहून प्रोग्राम करायची भाषा टॅबलेटवर शिकता येते, पण फाइल ठेवायच्या, त्या शोधायच्या, एका खिडकीत धडा आणि दुसऱ्यात प्रोग्राम ठेवायचा, यात मूल लवकर कंटाळतं. आणि फोटो काढून गृहपाठ पाठवायचा असेल तर टॅबलेट सरस. मागचा कॅमेरा असतो, पान सरळ स्कॅन होतं. लॅपटॉपचा समोरचा कॅमेरा या कामाला निरुपयोगी.

टॅबलेट घेणाऱ्या पुष्कळ जणांना नंतर कळणारी एक अडचण: मायक्रोसॉफ्टचं वर्ड आणि एक्सेल मोबाइलवर फुकट असतं, पण १०.१ इंचापेक्षा मोठ्या पडद्याच्या टॅबलेटवर फाइल फक्त वाचता येते. बदल करायला सदस्यत्व लागतं. तुम्हाला दाखवलेला टॅबलेट ११ इंची आहे. शाळेने मुलांना खाती दिली असतील तर प्रश्न मिटतो, नसतील तर तो दरवर्षीचा खर्च धरा, किंवा गूगल डॉक्सवर काम चालेल का ते विचारा.

दुसरी अडचण बाकाची. मागे टेकू उघडणाऱ्या कीबोर्ड-कव्हरला टेकूसकट २७ ते ३० सेंटिमीटर खोली लागते. १३ इंची लॅपटॉपला २१-२२ सेंटिमीटर पुरतात. अरुंद बाकावर वही, पेन्सिलीचा डबा आणि टेकू लावलेला टॅबलेट एकत्र मावत नाहीत. टेकू कडेवरून घसरतो आणि टॅबलेट पालथा खाली जातो. शाळेतले बरेच टॅबलेट असेच फुटतात. मुलीला एक मोजपट्टी द्या आणि बाकाची खोली मोजून आणायला सांगा.

कीबोर्डही मोजून घ्या. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका कळीपासून पुढच्या कळीपर्यंत १९ मिलिमीटर अंतर असतं. दुकानात मोजण्याची सोपी रीत अशी: इंग्रजी क्यू कळीच्या डाव्या कडेपासून पी कळीच्या डाव्या कडेपर्यंत पट्टी लावा. १७ सेंटिमीटर भरले तर कीबोर्ड पूर्ण आकाराचा. साडेपंधराच्या खाली असेल तर आठवीच्या मुलीचीही बोटं त्यावर दोन वर्षांत अडखळायला लागतील. कव्हरचा कीबोर्ड ब्लूटूथचा आहे की टॅबलेटला धातूच्या ठिपक्यांनी जोडला जातो, हेही पाहा. ब्लूटूथचा असेल तर तो वेगळा चार्ज करावा लागतो, आणि आदल्या रात्री विसरलं की दुसऱ्या दिवशी तासाला तो बंद. ठिपक्यांनी जोडला जाणारा बरा. मराठीत टाइप करायचं असेल तर विंडोजमध्ये २०१९पासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच मिळतो. टॅबलेटवर पडद्यावरच्या कीबोर्डने जमणारं रोमन-ते-मराठी टायपिंग बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर चालेलच असं नाही, म्हणून घेण्याआधी त्यावर एक मराठी ओळ टाइप करूनच बघा.

आता आमचं मत. आठवी ते दहावी या तीन वर्षांत टाइप करण्याचं काम वाढतं: प्रकल्प, सादरीकरण, निबंध, कोडिंग. म्हणून तुमच्या मुलीसाठी १३ ते १४ इंची, १.३ किलोच्या आतला, साधा न वळणारा लॅपटॉप आम्ही सुचवू. शाळेचं सगळं काम ब्राउझरमध्ये होत असेल तर त्याच वजनाचा क्रोमबुकही चालेल, आणि तो कमी ताकदीच्या प्रोसेसरवरही सुरळीत चालतो. शाळेच्या उत्तरांतून असं निघालं की वर्गात वाचणं आणि पेनने लिहिणं हेच मुख्य आहे, टायपिंग फक्त घरी, तर टॅबलेट घ्या आणि कीबोर्ड घरी टेबलावर ठेवा.

पडदा पूर्ण मागे वळणारे लॅपटॉप दोन्ही कामं करतात, हे खरं. पण त्यांना काचेचा टचस्क्रीन आणि भक्कम बिजागरी लागते, त्यामुळे वजन वाढतं, आणि सव्वा-दीड किलोची वस्तू हातात धरून कोणी वाचत नाही. चित्रांसाठी त्यापेक्षा बरा उपाय आहे: पडदा नसलेला पेन टॅबलेट. एक चपटी पाटी असते, ती यूएसबीने लॅपटॉपला जोडायची, पाटीवर पेन चालवायचं आणि रेघ लॅपटॉपच्या पडद्यावर उमटते. पेनला दाब कळतो, जोर दिला की रेघ जाड होते. हाताकडे न बघता पडद्याकडे बघत काढण्याची सवय व्हायला काही दिवस लागतात. ही पाटी घरीच राहते, दप्तराला तिचा भार नाही.

टॅबलेटच घेणार असाल तर पेनबद्दल फसू नका. ‘पेन चालतं’ एवढं ऐकून भागत नाही. रबरी टोकाचं साधं पेन म्हणजे बोटाला पर्याय, त्याला दाबही कळत नाही आणि पडद्यावर टेकलेला तळहातही वेगळा ओळखता येत नाही. लिहिताना तळहाताखाली उभ्या-आडव्या रेघा उमटतात. चांगलं पेन त्या टॅबलेटच्याच पद्धतीचं असावं लागतं. आयपॅडसाठी ॲपल पेन्सिलचे प्रकार आहेत आणि त्यांतल्या यूएसबी-सी प्रकाराला दाब कळत नाही. लिहायला तो ठीक, चित्रांना अपुरा. क्रोमबुकची यूएसआय पेनं वेगळी, विंडोजची वेगळी. एकाचं दुसऱ्यावर चालत नाही. काही टॅबलेटची पेनं बॅटरीशिवाय चालतात, पडदाच त्यांना वीज पुरवतो. शाळेसाठी हे फार सोयीचं, कारण चार्ज करायला विसरण्याचा प्रश्नच नाही. पडद्यावर कागदासारखा खरखरीत थर लावला तर लिहायला छान वाटतं, पण पेनचं टोक लवकर झिजतं, तेव्हा सुटी टोकं मिळतात का ते विचारून घ्या.

लॅपटॉपच्या आतल्या भागांकडे वळू. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) बहुतेक वेळा मदरबोर्डवरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. विंडोज ११ची किमान अट ४ जीबी आहे, पण ब्राउझरच्या दहा खिडक्या आणि ऑनलाइन वर्ग एकत्र चालू असले की ४ जीबीत मशीन अडकतं. ८ जीबीच्या खाली जाऊ नका. दहावीपर्यंत टिकवायचं आहे, म्हणून बजेट उरलं तर ते प्रोसेसरच्या नावावर घालण्याआधी १६ जीबीवर घाला.

स्टोरेजमध्ये ‘६४ जीबी ईएमएमसी’ हे शब्द दिसले की ती वस्तू परत ठेवा. ईएमएमसी म्हणजे मेमरी कार्डाच्या जातीचं, सावकाश चालणारं साठवण. त्यात विंडोजच तीस-चाळीस जीबी व्यापतं. मग मोठं अपडेट आलं की जागा पुरत नाही, अपडेट अर्धवट राहतं, पुन्हा डाउनलोड होतं, पुन्हा अडकतं आणि मशीन दिवसभर मंद राहतं. दुकानात चकाचक चालणारं मशीन वर्षभरात रडकुंडीला आणतं ते यामुळे. २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान साठवण) घ्या. क्रोमबुकला ६४ जीबी चालतात, कारण त्याची प्रणाली लहान आहे. टॅबलेटला १२८ जीबी धरा.

प्रोसेसरच्या नावांत फार गोंधळ आहे. इंटेलचा सेलेरॉन एन४०२० दोन गाभ्यांचा (कोरचा) आहे आणि २०१९चा आहे. अजून कुठे स्वस्तात दिसला तर टाळा. त्यानंतरचा इंटेल एन१०० चार गाभ्यांचा, फक्त ६ वॉटचा. पंख्याशिवायही चालतो, म्हणून लॅपटॉप हलका आणि शांत राहतो. शाळेच्या कामाला तो पुरेसा आहे, पण तीन वर्षांचा विचार करता त्याच्या वरचा आय३-एन३०५ किंवा आय३-१२१५यू जास्त समाधान देईल. एएमडीच्या बाबतीत ७००० मालिकेचा आकडा बघून नवा समजू नका. त्या मालिकेत तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो: रायझन ३ ७३२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे बाहेरचं नाव नवं आणि आतली रचना जुनी. वाईट नाही, पण नव्याच्या भावाने घेण्यासारखा नाही.

काही स्वस्त विंडोज लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये येतात. त्यात फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधलेच प्रोग्राम टाकता येतात, आणि शाळेचं परीक्षेचं सॉफ्टवेअर बहुतेकदा तिथे नसतं. एस मोड बंद करणं फुकट आहे. फक्त एकदा बंद केला की परत चालू होत नाही.

पडद्यासाठी तीन शब्द शोधा: आयपीएस (बाजूनेही रंग नीट दिसणारा पडदा), १९२० × १०८० किंवा १९२० × १२००, आणि ३०० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप). टीएन जातीच्या पडद्याचे रंग थोडं बाजूने पाहिलं की उलटतात, तेव्हा मूल मान वाकडी करून बसतं. २५० निट्सचा पडदा खिडकीशेजारच्या बाकावर दिसत नाही. १२०० ओळींचा पडदा उंचीने जास्त असल्याने पान थोडं अधिक दिसतं, वाचायला ते बरं. चकचकीत काचेपेक्षा मॅट पडदा घ्या. तीन-चार तास पडद्याकडे पाहणाऱ्या मुलीला दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे बघायची सवय लावा.

बॅटरी ‘१२ तास चालते’ या वाक्यावर विसंबू नका, वॉट-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते, ते विचारा. साध्या कामात हलका लॅपटॉप ५ ते ७ वॉट घेतो, व्हिडिओ कॉलवर ८ ते १२. बॅटरी ४५ वॉट-तासांची असेल आणि सरासरी ७ वॉट धरले तर सहा तासांच्या वर मिळतात. दोन वर्षांत तिची क्षमता ८० टक्क्यांवर आली तरी ३६ वॉट-तास, म्हणजे पाच तास. शाळेत पडदा प्रत्यक्ष तीन-चार तास चालू असतो, त्यामुळे चार्जर घरी ठेवता येतो आणि अडीचशे ग्रॅम वाचतात. ३८ वॉट-तासांच्या बॅटरीत हा हिशेब तिसऱ्या वर्षी कोलमडतो. मग चार्जर दप्तरात शिरतो.

चार्जिंग यूएसबी-सीने होत असेल तर उत्तम, पण पोर्ट दिसला म्हणजे चार्जिंग होतंच असं नाही. पोर्टजवळ चार्जिंगची खूण किंवा माहितीपत्रकात ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द हवेत. मग ४५ वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने लहान) चार्जर शंभर-सव्वाशे ग्रॅमचा मिळतो आणि घरातली दुसरी यूएसबी-सी उपकरणंही त्यावर चार्ज होतात. फोनचा १८-२० वॉटचा चार्जर लावला तर लॅपटॉप एकतर नाकारतो किंवा बंद असतानाच हळूहळू भरतो.

काय मोडतं तेही सांगायला हवं, कारण शाळेतली उपकरणं जुनी होण्याआधी मोडतात. पहिला नंबर बिजागरीचा. प्लास्टिकच्या अंगात बसवलेल्या पितळी नटांवर बिजागरी आवळलेली असते. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडलं की सगळा पीळ एकाच बाजूच्या नटावर येतो, प्लास्टिक तडकतं आणि नट उपटून येतो. झाकण मध्यभागी धरून उघडायचं, एवढीच सवय पुरते. दुसरं, कीबोर्डवर पेन्सिल किंवा इअरफोन राहून झाकण मिटणं. पडदा आतून फुटतो आणि वॉरंटी हे भरून देत नाही. तिसरं, चार्जिंगचा पोर्ट: केबल लावून लॅपटॉप उचलला की तो सैल होतो. दुरुस्तीत हा पोर्ट छोट्या वेगळ्या पट्टीवर आहे की थेट मदरबोर्डवर, यावर खर्च ठरतो; सेवा केंद्राला आधीच विचारता येतं. ‘लष्करी दर्जाची मजबुती’ असं लिहिलेलं असतं, पण त्या मानकातल्या नेमक्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनी स्वतः निवडते. पडण्याची चाचणी केली आहे का आणि किती उंचीवरून, हे लिहिलेलं असेल तरच त्याला महत्त्व द्या.

दप्तरात लॅपटॉप पाठीला लागून असलेल्या कप्प्यात, उभा. जड वस्तू पाठीजवळ असली की खांद्यावर ओढ कमी येते. तो कप्पा दप्तराच्या तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर संपला पाहिजे, नाहीतर दप्तर जमिनीवर आदळलं की लॅपटॉपचा कोपरा थेट आपटतो. पाण्याची बाटली बाहेरच्या खिशात, आत कधीच नाही.

आणखी एक बिघाड असा की तो बिघाड वाटतच नाही. विंडोज लॅपटॉप नुसता मिटला तर तो स्लीपमध्ये जातो, आणि नव्या लॅपटॉपचा स्लीप अर्धा जागा असतो. अपडेट आलं की दप्तरातच चालू होतो, गादीच्या पाकिटात तापतो आणि घरी येईतो बॅटरी रिकामी. बॅटरीचं आयुष्यही त्याने कमी होतं. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ होईल असं ठरवा. पर्याय दिसत नसेल तर तिथेच तो आधी चालू करावा लागतो. एसएसडी असली की पुन्हा उघडायला थोडे सेकंदच जास्त लागतात.

वापरलेलं घेण्याचा विचार असेल तर लॅपटॉपची बॅटरी तपासल्याशिवाय घेऊ नका. विंडोजच्या कमांड खिडकीतून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यातली ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ ताडून पाहा. दुसरा आकडा पहिल्याच्या ७० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. जुन्या आयपॅडवर आधीच्या मालकाचं खाते-कुलूप राहिलेलं असेल तर तो उघडणारच नाही. संस्थेतून आलेलं क्रोमबुक पूर्ण पुसलं तरी पुन्हा त्या संस्थेच्याच ताब्यात जातं, जोवर संस्था स्वतः ते मोकळं करत नाही. म्हणून पैसे देण्याआधी आपल्या खात्याने आत शिरून दाखवायला सांगा. क्रोमबुकच्या अपडेटची मुदत तुमच्या खरेदीपासून मोजली जात नाही, ती त्या जातीचं मशीन बाजारात आल्यापासून चालू असते. २०२१पासून आलेल्या क्रोमबुकना १० वर्षांची मुदत आहे. सेटिंग्जमध्ये ‘क्रोमओएसबद्दल’ या भागात शेवटची तारीख दिसते. अँड्रॉइड टॅबलेटला सुरक्षा अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर तो टॅबलेट तीन वर्षांसाठी घेण्याचा नाही.

घरच्या जुन्या लॅपटॉपला टाकून देऊ नका, पण त्यावर विंडोज १० असेल तर लक्षात घ्या की त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, विंडोज ११च्या यादीत बसत नाही. बसत असेल आणि आत अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी घाला. मशीन ओळखू येणार नाही इतकं सुधारतं, आणि मोठ्या पडद्यावर पेन टॅबलेट जोडून चित्रं काढायला ते छान आहे.

नवं मशीन घरी आल्यावर पहिल्या दिवशी मुख्य खातं तुमच्या नावाने उघडा, मुलीचं किंवा शाळेचं नंतर जोडा. विंडोज ११ बऱ्याच मशीनवर साठवण आपोआप कुलूपबंद करतं आणि त्याची ४८ अंकी किल्ली पहिल्या मुख्य खात्यात ठेवतं. दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला की मशीन ती किल्ली मागतं. खातं शाळेचं असेल आणि ते बंद झालं असेल, तर तीन वर्षांचं काम कुणालाच उघडता येत नाही. ती किल्ली कागदावर उतरवून बिलाबरोबर ठेवा, सिरीयल नंबर आणि बिलाचा फोटो फोनमध्ये ठेवा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर सुट्टीच्या दिवसांत ती चालू करा आणि शाळेच्या आदल्या रात्री पूर्ण भरू द्या. परत करण्याची मुदत असेल तर त्या दिवसांतच मुलीला शाळेचं सॉफ्टवेअर टाकून एक पूर्ण दिवस वर्गात वापरू द्या, चार्जर न देता.